डायोरामातलं गवत आडवं पडतंय? आधी हवा आणि जमीन तपासा

जून लागला की माझ्या टेबलावरच्या डायोरामातलं, म्हणजे देखाव्याच्या छोट्या मॉडेलमधलं, गवत आडवं व्हायला लागतं. खरं गवत याच दिवसांत माळावर तरारून उभं राहतं आणि आपलं नायलॉनचं मात्र भिजलेल्या मांजराच्या केसांसारखं चिकटून बसतं. सलग तीन पावसाळे मी हे भोगलं. पहिल्या वर्षी गोंद बदलला, दुसऱ्या वर्षी गवताचं पाकीट बदललं, तिसऱ्या वर्षी यंत्रच नवीन केलं. चौथ्या वर्षी वहीत सगळे बिघाड ओळीने लिहून काढले, तेव्हा कळलं की बहुतेक ठिकाणी चोर एकच आहे: पाणी. हवेतलं, गोंदातलं, जमीन करायच्या लगद्यातलं, लाकडात मुरलेलं. गवत बिचारं फक्त शेवटी आडवं पडून चुगली करतं.

उदाहरण म्हणून माझ्या टेबलावरचाच तुकडा घेतो. नेरळ-माथेरान लाइनीचा फूटभर लांब, आठ इंच रुंद भाग, १:३५ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढ्या मापात. १९०७ साली सुरू झालेली ही लाइन दोन फुटी, म्हणजे ६१० मिलिमीटर गेजची (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर). १:३५ ला ते १७.४ मिलिमीटर होतं. बाजारात मिळणारा एचओ (मॉडेल रेल्वेचं एक माप) रूळ १६.५ चा असतो. मिलिमीटरभराची ही चोरी आजवर कुणी पकडलेली नाही. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते. मला नेमकी तीच लाइन हवी होती, गाडी पुन्हा सुरू व्हायच्या आधीची: रुळांच्या मधोमध माजलेलं गवत, कडेला तांबडी माती, जांभ्याचे दगड. म्हणजे सगळा भार गवतावर आणि जमिनीवर. नजर चुकवायला वर रणगाडा नाही की जीप नाही.

ताटलीची चाचणी

गवत उभं राहत नसेल तर दोष गवत लावायच्या यंत्राचा की बेसचा, म्हणजे ज्या पाटावर जमीन केली त्याचा, हे आधी ठरवायचं. त्याला दोन मिनिटं लागतात आणि मी ती दोन मिनिटं तीन वर्षं दिली नाहीत.

स्टॅटिक ग्रासच्या, म्हणजे नायलॉनचे तंतू विजेच्या भाराने उभे करायच्या, यंत्राचं काम साधं आहे. जाळीला काही हजार व्होल्टचा भार मिळतो, दुसरी तार क्रोकोडाइल क्लिपने बेसवरच्या ओल्या गोंदाला जोडलेली असते. या दोघांच्या मध्ये विद्युतक्षेत्र तयार होतं आणि जाळीतून पडणारा प्रत्येक तंतू त्या क्षेत्राच्या दिशेने सरळ होऊन, भाल्यासारखा टोकावर गोंदात रुततो. क्षेत्र कमजोर झालं की तंतू पडतात, पण आडवे.

चाचणी अशी. स्टीलची कोरडी ताटली घ्या, क्लिप ताटलीच्या काठाला लावा. मधोमध चिमूटभर तंतू टाका. रिकामी जाळी त्यांच्यावर दोन-तीन सेंटिमीटरवर धरा आणि बटण दाबा. यंत्र आणि तंतू धड असतील तर ती चिमूट एकदम ताठ होते, तंतू टुणटुण उड्या मारत जाळीपर्यंत जातात आणि परत खाली येतात. गरम तव्यावर तीळ तडतडावेत तसं दिसतं. हे झालं, तर यंत्राकडे परत बघू नका, भानगड बेसवर आहे. तंतू नुसते आळसावून हलले किंवा ढिम्म राहिले, तर बेसला हात लावण्यात अर्थ नाही.

तंतू नाचले नाहीत तर पहिला संशयित सेल. हसू नका. माझ्या पहिल्या पावसाळ्यातल्या अर्ध्या तक्रारी दमलेल्या सेलच्या होत्या. यंत्रावरचा दिवा लागत होता म्हणून मी सेल चांगले समजत होतो. चार्जिंगचे सेल १.२ व्होल्टचे असतात, साधे १.५ चे. चार सेलच्या यंत्रात हा फरक सव्वा व्होल्टच्या घरात जातो आणि तो पुढे वाढत वाढत जाळीपर्यंत पोचतो.

दुसरा संशयित यंत्राची ताकद. आपल्यापैकी बरेच जण डास मारायची रॅकेट उघडून तिला स्टीलची चहाची गाळणी जोडतात. मीही तेच केलं होतं. दोन मिलिमीटरच्या तंतूंना ती पुरते, चारला कशीबशी. सहा आणि बाराचे तंतू जड असतात, त्यांना उभं करणं तिच्या आवाक्यातलं नाही. त्यासाठी १२ व्होल्टवर चालणारं निगेटिव्ह आयन जनरेटरचं मॉड्यूल वापरून बनवलेलं किंवा तयार मिळणारं यंत्र लागतं. आणि रॅकेट उघडणार असाल तर एक सांगून ठेवतो: बटण सोडलं तरी आतल्या कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहतो. प्लॅस्टिकच्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने त्याची दोन्ही टोकं जोडून तो आधी रिकामा करा. मी केला नव्हता. कोपरापर्यंत मुंग्या आल्या आणि पाकिटातलं सगळं गवत फरशीवर.

तिसरा, आणि आपल्या हवेत सगळ्यात मोठा, म्हणजे ओलसर तंतू. कापडावर मखमली लव चढवण्याच्या धंद्यात हेच तंत्र वापरतात आणि तिथे हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास राखतात. ठाण्या-मुंबईला जुलैत ती नव्वदीपर्यंत जाते. मग तंतूंवर ओल बसते, ते एकमेकांना धरून गुठळ्या करतात आणि भार जाळीवर टिकण्याऐवजी ओल्या हवेतून, यंत्राच्या दमट मुठीवरून गळून जातो. पाकीट हलवून बघा. तंतू सुटे भुरभुरले पाहिजेत. कापसाच्या बोळ्यासारखे घरंगळत असतील तर ओल लागलेली आहे.

उपाय महाग नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि उघडं पाकीट एक रात्र ठेवा. सकाळी खोलीत एसी असेल तर अर्धा तास चालवून मग काम करा. एसी नसेल तर सरळ कबूल करा की आज गवत लावायचा दिवस नाही, आणि दगड रंगवा. विदर्भातली मंडळी मे महिन्यात उलटी तक्रार करतात, तीही खरी आहे. तंतूंवर भार धरणारा एक लेप असतो आणि त्याला थोडी तरी ओल लागते. हवा अगदी ठणठणीत कोरडी असेल तर तंतू भारच घेत नाहीत. तिथे पाकीट न्हाणीघरात तासभर उघडं ठेवून मग वापरायचं.

मी आता निम्मं गवत डिसेंबरातच करून ठेवतो. ताटलीवर बटर पेपर, त्यावर गोंदाचे मसुराएवढे थेंब, वरून सहा आणि बाराचे तंतू. वाळले की झुपके सोलून डब्यात. पावसाळ्यात हवा कशीही असो, झुपका चिमट्याने उचलायचा आणि जागेवर चिकटवायचा. क्लिप ताटलीला नुसती लावून भागत नाही, कारण मध्ये बटर पेपर असतो. दर ओळीतल्या एका थेंबात टाचणी उभी करून ती एका बारीक तारेने क्लिपला जोडतो. शेजारचे थेंब गोंदाच्या केसाएवढ्या रेघेने एकमेकांना जोडलेले ठेवतो. झुपके सोलताना ती रेघ कात्रीने कापली जाते.

ताटलीवर नाचतं, बेसवर झोपतं

आता बेसकडे. थर्माकोल किंवा फोमचा बेस, वर रंगाचा थर, वर गोंद: यात वीज कुठून जाणार? फक्त ओल्या गोंदातून. म्हणून क्लिपची टाचणी ओल्या गोंदातच हवी आणि जिथे तंतू टाकताय तिथपर्यंत तो ओला गोंद सलग हवा. मध्ये कोरडी पट्टी आली की पलीकडचा भाग वेगळं बेट होतो. रुळांच्या मधल्या जागेत माझं हेच व्हायचं. दोन स्लीपरांच्या मधला प्रत्येक चौकोन सुटा, टाचणी एकाच चौकोनात. तिथलं गवत शिपायासारखं उभं, बाकी सगळं आडवं. आता बेस बनवतानाच मी खालून चार खिळे वर काढून ठेवतो, टोक जमिनीच्या पातळीला. क्लिप खालून एकेका खिळ्याला लावायची. शेवटी त्यांच्यावर दगड किंवा झुपका बसतो.

पुढचा चोर पंखा. फेविकॉल (आपण कुठल्याही पांढऱ्या पीव्हीए गोंदाला फेविकॉलच म्हणतो) पंख्याखाली चार-पाच मिनिटांत साय धरतो. वरून ओला दिसतो, पण तंतूचं टोक त्या सायीवर आपटून लोळतं. बोटाने हलकेच टेकवून बघा: बोटाला ओला गोंद लागला पाहिजे. नुसतं चिकट लागलं तर उशीर झाला. पंखा बंद, तळहाताएवढीच जागा एका वेळी, आणि उन्हाळ्यात हे काम पहाटे. घाम येतो, इलाज नाही.

गोंदाची जाडी हा हाताच्या सवयीचा भाग आहे. फार पातळ असला तर तंतू उभे राहतात पण वाळल्यावर फुंकरीने उडतात. फार जाड असला तर तंतू खोल जातात, गोंद सपाट होताना त्यांना सोबत कलवतो, आणि वाळल्यावर त्यांच्या बुडाशी चकाकणारं डबकं उरतं. मी गोंदात पाचवा हिस्सा पाणी आणि मातीच्या रंगाचा थोडा अ‍ॅक्रिलिक घालतो. ब्रशने लावल्यावर खालची माती अंधूक दिसायला हवी. रंगामुळे फायदा असा, की गवत कुठे विरळ पडलं तर मधून मातीचाच रंग दिसतो.

आणि दुसरा थर. पहिलं गवत उत्तम उभं राहतं, दुसऱ्या थरासाठी आपण वरून पातळ गोंदाचा फवारा मारतो आणि सगळं केसांना तेल लावल्यासारखं बसतं. हे टाळायचं असेल तर पाण्याचा फवारा नकोच. साधा हेअर स्प्रे फूटभर अंतरावरून, अगदी हलका, आणि लगेच तंतू. गवताच्या टोकांवर टोकं चिकटतात, उंची वाढते, खालचा थर हलत नाही. तंतू टाकून झाले की यंत्र चालू असतानाच बेस उभा-आडवा करून खालून टिचक्या मारा, सुटे तंतू गळतात. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला जुना नायलॉनचा मोजा बांधून तेच तंतू गोळा करता येतात आणि पुन्हा वापरता येतात.

कधी कधी गवत उभं असतं आणि तरीही खोटं वाटतं. तेव्हा पट्टी काढा. १:३५ ला २ मिलिमीटर म्हणजे खऱ्या मापात ७ सेंटिमीटर, ६ म्हणजे २१, १२ म्हणजे ४२. घोट्याइतकं, पोटरीइतकं, गुडघ्याखाली. १:७२ ला हेच ६ मिलिमीटर ४३ सेंटिमीटर होतात, आणि १२ वापरले तर माणूस जवळपास कमरेपर्यंत बुडतो. पाकिटावरच्या चित्रावर जाऊ नका, गुणाकार करा.

भेगा वाचायला शिका

गवताखालची जमीन तडकली की वरचं गवत कितीही देखणं असलं तरी फुकट. पण भेग पडली म्हणून लगेच पुट्टी भरू नका. भेगेचा आकार कारण सांगतो.

उन्हाळ्यात काळ्या रानात पडतात तशा, सगळीकडे पसरलेल्या बहुकोनी भेगा असतील तर मिश्रणात पाणी जास्त झालं किंवा माती चुकली. हौसेने शेतातली काळी माती आणून वापरणारे पुष्कळ आहेत. मीही सोलापूरकडची एक पिशवी आणली होती. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. शेतात जे होतं तेच फूटभर बेसवर होतं, माप तेवढं लहान. दिवाळीचा किल्ला केलेल्या माणसाला हे खरं तर सांगायला नको. चौथ्या दिवशी बुरूज तडकतो, आपण वर अळिवाची हिरवळ पेरून झाकतो. काळी जमीन दाखवायचीच असेल तर काळा रंग द्या, माती मुरमाची वापरा. मुरूम किंवा जांभ्याची भुकटी आकसत नाही.

एकच लांब भेग, बेसच्या रुंदीला आडवी, अशी असेल तर जमीन निर्दोष आहे. खालचा एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला पाट, वाकलाय. पट्टी उभी धरून बघा, मध्ये उजेड दिसेल. एका बाजूने ओला लगदा थापला की एमडीएफ ती ओल पितो आणि फुगतो, दुसरी बाजू कोरडीच राहते, मग तो पन्हाळीसारखा वळतो. सहा मिलिमीटरचा तर हमखास. बारा घ्या आणि थापण्याआधी दोन्ही बाजूंना आणि कडांना वॉर्निश किंवा ऑइल पेंटचे दोन हात द्या. कडा विसरू नका, एमडीएफ पाणी पितो ते मुख्यतः कडांनीच. वाकलेला बेस सरळ करण्याचे माझे सगळे प्रयत्न (वजनं, उन्हात उलटा ठेवणं, मागून ओलं फडकं) अर्धवट यशस्वी झाले आहेत. पाठीमागे जाड लाकडी पट्ट्या स्क्रूने आवळणं, एवढाच त्यातल्या त्यात टिकलेला उपाय.

जमीन चौकटीपासून सुटून कडेला फट पडली असेल तर एकाच वेळी जाड थर दिलाय. आणि पापुद्रे उचलले गेले असतील तर खालचा पृष्ठभाग गुळगुळीत किंवा तहानलेला होता. पीओपीच्या बाबतीत हे नेहमी होतं. पीओपी घट्ट होताना आकसत नाही, उलट किंचित फुगतो. तरी तडकतो, कारण खालच्या कोरड्या थराने त्यातलं पाणी आधीच ओढून घेतलेलं असतं. खाली पाण्याचा हात फिरवून मग पीओपी लावा.

माझं सध्याचं मिश्रण: अंड्यांचे ट्रे रात्रभर भिजवून मिक्सरमधून काढलेला, घट्ट पिळलेला लगदा दोन वाट्या, रव्याच्या चाळणीने चाळलेला मुरूम एक वाटी, फेविकॉल अर्धी वाटी. पाणी जवळजवळ नाहीच. भाकरीच्या पिठासारखं हाताला लागलं पाहिजे. डोशाच्या पिठासारखं झालं तर आणखी लगदा घाला. थर तीन मिलिमीटरचा, मग एक दिवस थांबा. जुलैत तीन दिवस. (मिक्सरचं भांडं वेगळं ठेवा. घरात शांतता हवी असेल तर.)

यात आणखी एक गोष्ट घालतो, ती मला पेणला एका मूर्तिकाराच्या कारखान्यात मिळाली. मी त्यांना माझ्या तडकलेल्या बेसचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाले, “अहो, यात काथ्या कुठंय? नुसत्या पीओपीचा हात तरी टिकतो का आमच्याकडं?” काथ्याचे अर्ध्या इंचाचे तुकडे सुटे करून मिश्रणात मळले की ते आतून धरून ठेवतात. वरून डोकावणारे धागे कापू नका. सुकलेल्या गवताची मुळं म्हणून ते जितके खरे दिसतात तितकं विकतचं काही दिसत नाही.

पडलेली भेग भरताना ओलं मिश्रण पुन्हा भरू नका, ते पुन्हा आकसेल. भेगेत कोरडी चाळलेली माती ब्रशने ढकला, वरून आयपीएचा (आयसोप्रोपिल अल्कोहोलचा) एक फवारा, मग पातळ गोंद ड्रॉपरने थेंबथेंब. गोंदात भांड्याच्या साबणाचा एक थेंब हवा. तो नसला तर गोंदाचा थेंब पारा पडल्यासारखा गोल राहतो, माती अंगावर घेऊन लोळतो आणि मागे खड्डा ठेवतो. रुळांखालची खडी बसवताना हाच अनुभव येतो. पाच सेंटिमीटरचा दगड १:३५ ला जेमतेम दीड मिलिमीटर, एवढी हलकी खडी साबणाशिवाय जागेवर राहत नाही.

बुरशी की लोणा?

दुसऱ्या पावसाळ्यात माझ्या बेसच्या कडेला पांढरं काहीतरी उमटलं. मी बुरशी समजून डेटॉल मारलं, उन्हात ठेवलं, पुसलं. गेलं. दोन दिवसांनी परत. पुन्हा पुसलं, पुन्हा आलं. शेवटी आई टेबलाशी आली, नखाने खरवडलं, बोटावर चोळून पाहिलं.

“बुरशी कसली रे, लोणा लागलाय याला. गावच्या घराच्या भिंतीला लागायचा ना, तसा. वाळू कुठली आणलीस?”

वाळू अलिबागच्या किनाऱ्यावरची होती. पिशवीभर, फुकट, एकसारख्या दाण्याची. मीठ धुतलं नव्हतं. बेस दमट झाला की मीठ विरघळतं, पाण्याबरोबर वर येतं आणि वाळलं की पांढरं होऊन बसतं. पुसून ते कधीच संपत नाही, कारण साठा खाली आहे.

ओळखायची खूण सोपी. ओल्या ब्रशने लोणा लगेच नाहीसा होतो आणि वाळल्यावर तिथेच परत येतो. बोटावर तो खरखरीत लागतो. बुरशी ओल्या ब्रशने फासली जाते, भिंगाखाली तिची लव दिसते आणि बेसला पावसाळी चपलांसारखा वास येतो. लोण्यावर इलाज म्हणजे खालचं मीठ कोंडणं: बेस पूर्ण कोरडा असताना मॅट वॉर्निश, आणि वर नवी माती. पुढच्या वेळी समुद्राची वाळू पाच वेळा गोड्या पाण्यात धुवा, नाहीतर घेऊच नका.

बुरशी खरीच असेल तर तिला खायला काय दिलंत ते आठवा. पालापाचोळा म्हणून चहाचा अर्धवट वाळलेला चोथा, लाकडाचा भुसा, कुणी चिकटवायला पिठाची खळ वापरली असेल तर मग विचारायलाच नको. बागेतली माती, चोथा, भुसा, सगळं आधी ओव्हनमध्ये ११० अंशांवर अर्धा तास भाजा किंवा लोखंडी कढईत मंद आचेवर परता. बेसवर आलेल्या बुरशीवर आयपीए ब्रशने लावा, वाळू द्या, परत लावा. गवत त्याने बिघडत नाही, पण अ‍ॅक्रिलिक रंग सुटू शकतो, तेव्हा आधी कोपऱ्यात करून बघा.

तिसरं पांढरंही असतं: वॉर्निशचा स्प्रे मारला आणि सगळ्या गवतावर धुकं उतरलं. पावसाळी संध्याकाळी मारला असणार. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर जमते. घाबरू नका, हवा कोरडी असेल त्या दिवशी त्याच स्प्रेचा एक हलका हात दिला की बहुतेक वेळा धुकं विरतं.

किरकोळ, पण नेहमीचं

माणूस किंवा जीप जमिनीवर तरंगताना दिसते: जमीन ओली असतानाच चाकांना प्लॅस्टिकची पातळ फिल्म गुंडाळून दाबून ठसा घ्या, वाळल्यावर त्याच ठशात गाडी बसवा. थर्माकोल विरघळलं: रबरी सोल्यूशन किंवा द्रावकाचा स्प्रे थेट लागला. आधी फेविकॉलचा पूर्ण हात द्या. रंगीत रांगोळी मातीसाठी वापरली आणि ओली होताच सगळीकडे गुलाबी झालं: तिचा रंग पाण्यात सुटतो. माथेरानच्या तांबड्यासाठी गेरू वापरा, तो खनिज आहे, सुटत नाही. सोबत चुलीची चाळलेली राख, म्हणजे भगवेपणा मरतो.

रंगाबद्दल एवढंच म्हणेन की पाकीट उघडण्याआधी महिना ठरवा. ऑगस्टातला सह्याद्री खरोखरच इतका हिरवा असतो की जसाच्या तसा केला तर प्लॅस्टिकचा वाटतो. ऑक्टोबरात टोकं पिवळी, बुंधा हिरवा. डिसेंबरात सगळं कुसळांचं, उन्हात सोन्यासारखं. माझ्या सप्टेंबरसाठी मी तीन भाग मंद हिरवा, दोन भाग पिवळट, एक भाग वाळलेल्या काडीचा रंग एकत्र करतो आणि सगळ्यात खाली २ मिलिमीटरचा काडीरंगाचा थर देतो, कारण नव्या गवताखाली गेल्या वर्षीचं कुजकं गवत असतंच. उंच तुऱ्यांसाठी फुलझाडूचे तुरे कापून लावा. झाडू नवा असताना. जुना झाल्यावर तुरे उरत नाहीत आणि घरी हिशेब द्यावा लागतो.

सगळंच बिघडलं असेल तर बेस फेकू नका. पीव्हीए वाळला तरी पाण्याला पूर्ण विसरत नाही. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं गवतावर वीस मिनिटं ठेवा, मग जुन्या टूथब्रशने एका बाजूने रेटा. गवत गालिच्यासारखं सुटून येतं. खालचं लगद्याचं ग्राउंडवर्क थोडं मऊ पडेल, त्याला हात न लावता आठवडाभर वाळू द्या. माझ्या तुकड्याचा डावा कोपरा मी गेल्याच रविवारी असा सोलला. तिथला खिळा आता उघडा दिसतोय, वर एक जुना मोजा टाकून ठेवलाय. हवेतली ओल मोजणारा हायग्रोमीटर आज सकाळी ८८ टक्के दाखवत होता. साठपर्यंत उतरला की त्याच खिळ्याला क्लिप लावणार.